तीन सर्व्हर, एक सर्टिफिकेट: प्रायव्हेट की वाटायची का?

विश्रामबाग_सिस्टम्स
सांगलीतल्या हळद सौद्यांचे दर दाखवणारी एखादी साइट धरा. एनजिनएक्स (वेबसाइट पुरवणारा प्रोग्राम) चालवणारे तीन सर्व्हर, पुढे विनंत्या त्यांच्यात वाटणारा लोड बॅलन्सर, आणि तो ४४३ पोर्टवरचं (एचटीटीपीएसचं) कूटबद्ध ट्रॅफिक न उघडता तसंच मागे पाठवतो. म्हणजे साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट आणि त्याच्या जोडीची गुप्त फाईल, म्हणजे प्रायव्हेट की, तिन्हीकडे हवी. माझं ठाम मत: लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या सेवेचं सर्टिफिकेट एकाच सर्व्हरनं काढावं आणि बाकी दोघांना कीसकट आरसिंकनं (फाईली कॉपी करणाऱ्या कमांडनं) द्यावं. तिन्हीवर वेगवेगळा सर्टबॉट (सर्टिफिकेट काढणारा प्रोग्राम) लावला की डोमेन आपलंच आहे हे दाखवणारी तपासणीची फाईल एकावर असते, लेट्स एन्क्रिप्टची विनंती दुसऱ्यावर जाते आणि ४०४ (फाईल सापडली नाही) येतो. नशिबावर सोडायचं म्हटलं तर तेही जमत नाही. २०२० पासून लेट्स एन्क्रिप्ट एकाच वेळी अनेक ठिकाणांहून तपासतं.

कृष्णाकाठ
अजिबात पटलं नाही. प्रायव्हेट की ज्या मशीनवर तयार झाली तिथून हलवूच नये. तिन्हीची की वेगळी असली तर एक सर्व्हर हॅक झाल्यावर तेवढंच सर्टिफिकेट रद्द करायचं, बाकीचे दोन चालू राहतात. ४०४ टाळायला फाईलऐवजी डीएनएसवरून (डोमेनच्या नोंदींवरून) तपासणी करा. एकाच नावाखाली तीन टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदी सुखानं नांदतात, तपासणीची फाईल जिथून वाचली जाते त्या ८० पोर्टचा प्रश्नच येत नाही.

अजिंक्यतारा_७२
कृष्णाकाठ, मग डीएनएसच्या नोंदी बदलू देणारं टोकन तिन्ही सर्व्हरवर ठेवणार ना? ते ज्याच्या हाती लागलं त्याला अख्खं डोमेन मिळालं. की चोरीला जाण्यापेक्षा हे जास्त वाईट. शिवाय नाव एकच, त्यामुळे खोटी साइट उभी करायला चोराला एक की पुरते.
आणखी एक. नावांचा तोच संच असलेली सर्टिफिकेटं ७ दिवसांत ५ च मिळतात. तीन सर्व्हर एका आठवड्यात दोनदा उभे केले की सहावं नाकारलं जातं. चाचणी कायम स्टेजिंगवर (लेट्स एन्क्रिप्टच्या चाचणीसाठीच्या वेगळ्या सेवेवर) करावी.

कृष्णाकाठ
टोकनचा मुद्दा मान्य. म्हणून तपासणीचं नाव सीनेमनं (एक नाव दुसऱ्याकडे वळवणाऱ्या डीएनएस नोंदीनं) वेगळ्या, रिकाम्या झोनकडे (डीएनएस नोंदींच्या स्वतंत्र संचाकडे) वळवायचं आणि टोकन फक्त त्या झोनपुरतं द्यायचं. विश्रामबाग, तुमच्या पद्धतीत मात्र सर्टिफिकेट काढणारा सर्व्हरच बंद पडला तर?

विश्रामबाग_सिस्टम्स
९० दिवसांचं सर्टिफिकेट ३० दिवस शिल्लक असताना नवं होतं. तेवढ्यात दुसरा सर्व्हर उभा करता येतो. खरी चूक होते ती कॉपी करताना. सर्टबॉटच्या लाइव्ह फोल्डरमध्ये फाईली नसतात, आर्काइव्हकडे बोट दाखवणाऱ्या लिंका असतात. आरसिंकला लिंकेऐवजी मूळ फाईल नेणारा मोठ्या एलचा पर्याय (-L) दिला नाही तर पलीकडे तुटक्या लिंका पडतात. नूतनीकरणात कीसुद्धा नवी होते, म्हणून सर्टिफिकेट आणि की या दोन्ही फाईली एकत्रच हलवायच्या. नवं सर्टिफिकेट आणि जुनी की अशी जोडी राहिली, तर चालू असलेला एनजिनएक्स मेमरीतल्या जुन्यावर चालत राहतो आणि पुढच्या रीस्टार्टला उठतच नाही. आधी एनजिनएक्सचं कॉन्फिग तपासा, मग रीलोड करा, म्हणजे तो बंद न पडता नव्या फाईली वाचेल. हे सगळं डिप्लॉय हुकमध्ये (नूतनीकरणानंतर सर्टबॉट आपोआप चालवतो त्या स्क्रिप्टमध्ये) बसवा, हातानं करू नका.

पोवई_नाका
एनएफएसवर (नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर) एकच फोल्डर ठेवून तिन्हीकडे माउंट केलं, म्हणजे जोडलं, तर कॉपीची भानगडच नाही.

अजिंक्यतारा_७२
नको. वीज जाऊन आल्यावर माउंट व्हायच्या आधी एनजिनएक्स सुरू झाला तर त्याला फाईल सापडत नाही आणि तीनही सर्व्हर एकदम आडवे होतात. फाईल प्रत्येकाच्या स्वतःच्या डिस्कवरच हवी.

पोवई_नाका
बरोबर. पण विकतचं सर्टिफिकेट वर्षातून एकदा पेनड्राइव्हनं चढवणाऱ्यांनीही आता जागं व्हावं. १५ मार्च २०२६ पासून मुदत जास्तीत जास्त २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७.

कृष्णाकाठ
म्हणून तर म्हणतो, पाच सर्व्हरपर्यंत वेगळी कीच बरी. त्यापुढे वाटप करा, माझी हरकत नाही. पण पद्धत कुठलीही असो, सर्टिफिकेटची मुदत बॅलन्सरच्या पत्त्यावर तपासू नका, तिथं तीनपैकी कुठला तरी एकच दिसतो. प्रत्येक सर्व्हरच्या आयपीला ओपनएसएसएल या कमांडनं थेट जोडा, साइटचं नाव तिच्या सर्व्हरनेम पर्यायात द्या आणि संपण्याची तारीख रोज बघा. लेट्स एन्क्रिप्टनं मुदतीच्या आठवणीच्या मेल जून २०२५ पासून बंद केल्या आहेत.

विश्रामबाग_सिस्टम्स
की वाटायची असेल तर तारखेसोबत सर्टिफिकेटचा सीरियल नंबरही तिन्हीकडे जुळवा. दोघांचा नवा आणि तिसऱ्याचा जुना दिसला, तर त्या तिसऱ्यावर रीलोड झालेलं नाही.