मदत हवी आहे : पद्मिनीचं कॉम्प्रेशन, हेड उतरवू का?

वडिलांची प्रीमियर पद्मिनी गाडी आहे, १९९४ ची, पेट्रोल, चार सिलिंडर. साताऱ्यात गावात फिरवली तर ठीक चालते, पण खंबाटकी घाटात दम टाकते. आयडलिंगलाही मिसिंग आहे. प्लग, पॉइंट, कंडेन्सर नवे टाकून झाले.

शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासलं. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, कॉइलची वायर सोडलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला. बॅटरी चार्ज केलेली होती. आकडे पीएसआयमध्ये: १३५, ९०, ९५, १३०. मग दोन आणि तीनमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत बघितलं. आकडा जेमतेम वाढला. म्हणजे दोष पिस्टनच्या रिंगांचा नसावा, नाहीतर ऑइलने आकडा चांगला वाढला असता.

शेजारशेजारचे दोनच सिलिंडर कमी म्हटल्यावर मला हेड पॅकिंग (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट) त्या दोघांच्या मधोमध फुटल्याचा संशय आहे. पण रेडिएटरात बुडबुडे नाहीत, ऑइलही दुधाळ नाही. पाण्याच्या वाटेला धक्का न लागता नुसतं मधलं पॅकिंग जातं का?

आमचे मिस्त्री म्हणतात, सरळ हेड उतरवा, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग करून टाका. त्यांना सगळ्यावर तेच औषध! त्याआधी टॅपेट घट्ट असल्याने व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीत का ते बघू, की लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघणं) करावी? सातारा-कराड भागात ती कोण करतं?