प्रतिसाद: नामवंत, नामांकित आणि नामचीन

वर कोणीतरी लिहिलंय की 'नामवंत', 'नामांकित' आणि 'नामचीन' हे तिन्ही शब्द एकच, कुठलाही वापरा. मला हे अजिबात पटत नाही. हिंदीत 'नामचीन' शब्द गायकाला किंवा डॉक्टरांनाही लावतात. मराठीत मात्र 'नामचीन' म्हटलं की पुढे 'गुंड' येणार हे ठरलेलंच. एखाद्या सज्जन माणसाला हिंदीच्या प्रभावाखाली कोणी 'नामचीन' म्हटलं की मला फार वाईट वाटतं. 'नामवंत' शक्यतो माणसांनाच शोभतो, तर 'नामांकित' शाळा, कंपनी, दवाखाना यांनाही चालतो. पण पुरस्कारासाठी नामांकन मिळालेल्यांनाही हल्ली 'नामांकित' म्हणतात, त्यामुळे वाक्य दोनदा वाचावं लागतं.

'प्रसिद्ध'चंही तसंच. पुस्तक प्रसिद्ध झालं म्हणजे छापून बाहेर आलं, ते गाजलंच असं नाही. 'गाजलेला' हा शब्द तर नाटकाला, सामन्याला लागतो तसा खटल्यालाही लागतो. त्यात चांगलं-वाईट काही नाही.

पण आपल्याकडे या विशेषणांपेक्षा लोकांनी दिलेली बिरुदंच जास्त टिकली. जोतीराव फुल्यांना ११ मे १८८८ रोजी मुंबईत जाहीर सभेत 'महात्मा' पदवी दिली गेली. लोकमान्य, कर्मवीर, क्रांतिसिंह, सेनापती... नुसतं 'लोकमान्य' म्हटलं तरी टिळकच समोर येतात, आडनाव लागतच नाही. त्यांच्या आधी कोणी 'सुप्रसिद्ध' लावून बघा, किती विचित्र वाटतं ते.