मदत हवी आहे : मक्याच्या इथेनॉलमधला चोथा हिशोबात कसा धरायचा?

नमस्कार मंडळी. पिकांपासून इथेनॉल बनवायला किती ऊर्जा खर्ची पडते यावर टिपण लिहितोय, एका ठिकाणी गाडी अडली आहे. उसाचं सोपं आहे: रस थेट आंबवता येतो, बॉयलरला चिपाड असतंच. मक्याचा स्टार्च मात्र आधी विकरांनी फोडून साखर करायची, मग यीस्ट, मग ऊर्ध्वपातन. त्यातूनही इथेनॉल साधारण ९५ टक्क्यांपर्यंतच शुद्ध होतं. उरलेलं पाणी काढायला वेगळा खटाटोप. (मक्याला लागणारं नत्रखत बनवताना खर्च होणारा नैसर्गिक वायू तर लोक या हिशोबात सोयीस्करपणे विसरतात!)

प्रश्न असा, की मागे राहिलेला चोथा पशुखाद्य म्हणून जातो. खर्ची पडलेल्या ऊर्जेतला किती वाटा त्याच्या नावावर टाकायचा? वजनावरून, किमतीवरून, की त्यामुळे वाचलेल्या दुसऱ्या खाद्यावरून? पद्धत बदलली की उत्तरच बदलतं. कुणी असा हिशोब केला असेल तर कोणती पद्धत घेतली आणि का, कृपया सांगा.