अँबॅसडर: काळा धूर आणि पिकअपला अडखळणं

प्रश्न: १४८९ सीसी पेट्रोल इंजिन, एसयू कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोलचं मिश्रण करणारा भाग). गरम झाल्यावरही आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) काळा धूर, प्लग काजळलेले. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी अडखळते. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: ही दोन वेगळी दुखणी आहेत. अडखळण्यासाठी आधी डॅशपॉटचं (कार्ब्युरेटरवरच्या तेलाच्या नळीचं) तेल बघा. तेल नसेल तर थ्रॉटल उघडताच कार्ब्युरेटरचा पिस्टन झपकन वर जातो आणि मिश्रण क्षणभर लीन (पेट्रोल कमी) होतं. एसएई २० ग्रेडचं तेल घाला. टोपी बसायला साधारण ६ मिमी उरले असताना डँपर (टोपीला जोडलेली दांडी) तेलाला अडला पाहिजे.

उत्तर २: धुरासाठी मिश्रणाच्या नटला लगेच हात लावू नका! चोक आत ढकलल्यावर जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) पूर्ण वर येतो का ते पाहा. बहुतेकदा तिथेच अडकतो. मग गरम, चालू इंजिनवर कार्ब्युरेटरचा पिस्टन जेमतेम ०.८ मिमी उचला. इंजिनचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), जेटचं नट एकेक पैलू वर घ्या. इंजिन बंद पडू लागलं तर लीन.

उत्तर १: आणि त्या पिस्टनला पॉलिश पेपर अजिबात नको. पेट्रोलने पुसा, बस.

उत्तर ३: तरीही रिच? फ्लोटची (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या डबीची) निडल व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल आत येणं थांबवणारी सुई, झिजली असेल. फ्लोट कानाशी हलवा; आत पेट्रोल खळखळलं तर तोही बदला.