भांडुपला पाण्यात गेलेल्या गवतातला पक्षी ओळखून द्या, अर्जंट

खाडीवेडा: पंपिंग स्टेशनच्या रस्त्याला उधाणाचं पाणी शिरलंय, गवताचा सगळा पट्टा पाण्यात आहे आणि तिथे एक पक्षी बसतोय, पाठ गडद विटकरी. अ‍ॅप दर वेळी वेगळंच नाव सांगतंय, रविवारी सोसायटीतल्या मुलांना घेऊन जायचंय त्याआधी नाव हवंय. प्लीज पटकन सांगा.

मीनाताई_मुलुंड: फोटो? केवढा होता? चोच कशी? एकटा की थवा? नुसतं विटकरी म्हणून काय कळणार हो.

सुगरण७७: सिनेमन बिटर्न, बगळ्याच्या कुळातला तांबूस पक्षी. डोळे झाकून सांगतो. पावसाळा जवळ आला की अशाच गवतात दिसतात.

खाडीवेडा: फोटोत नुसता ठिपका आलाय. गायबगळ्यापेक्षा जरा लहान, चोच पिवळट.

दुर्बीणवाला: आधी दुर्बीण घे. ८ बाय ४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी. १० बायच्या नादी लागू नकोस, हात जरा हलला की सगळं हलतं.

शिवडीकर: फ्लेमिंगोसाठी उशीर केलात, पाऊस यायच्या आधी बरेचसे निघून जातात.

मीनाताई_मुलुंड: अहो फ्लेमिंगोचं कुणी विचारलंय? खाडीवेडा, उडाला तेव्हा पंख कसे होते तेवढं सांगा.

खाडीवेडा: पांढरेशुभ्र! म्हणून तर डोकं फिरलंय, बसला की विटकरी आणि उडाला की पांढरा.

मीनाताई_मुलुंड: मग वंचक, म्हणजे पाँड हेरॉन, छोटा बगळाच, विणीच्या पिसाऱ्यातला. एरवी मातकट रेघारेघांचा असतो, या दिवसांत पाठ अशी गडद होते आणि डोक्यामागे लांब पांढरी पिसं येतात. सिनेमन बिटर्नचे पंख उडतानाही तांबूसच राहतात.

सुगरण७७: वंचक तर गटाराच्या काठीपण असतो, तो कोण ओळखत नाही? मी त्याच पट्ट्यात बिटर्न बघितलाय.

मीनाताई_मुलुंड: बघितला असेल, पांढऱ्या पंखांचा नाही बघितलात.

खाडीवेडा: हो हो, मागे पिसं होती! ताई, रविवारी किती वाजता जाऊ?

मीनाताई_मुलुंड: भरतीचा तक्ता बघा, वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. भरतीच्या तासभर आधी पोचा, पाणी चढतं तसे पक्षी रस्त्याकडे सरकतात. आणि मुलांना गवतात अजिबात उतरू देऊ नका, टिटवी आणि शेकाट्याची अंडी उघड्यावर जमिनीवरच असतात, पायाखाली आली तरी कळत नाहीत.

सुगरण७७: अंड्यांचं अगदी बरोबर. बिटर्नचं मात्र मी सोडत नाही, रविवारी दिसला तर इथे लिहा.