मदत हवी आहे: ‘सेन्स’ला मराठीत एकच शब्द कुठून आणू?

मंडळी, एका भाषांतरात अडकलेय. लहान मुलांच्या ऑक्युपेशनल थेरपीबद्दल (रोजची कामं जमावीत म्हणून दिले जाणारे उपचार) पालकांसाठी २४ पानी पुस्तिका आहे आणि पानोपानी ‘सेन्स’. काम देणाऱ्यांची अट अशी की इंग्रजी शब्द एक, तर मराठीही एकच. त्यांनी ‘संवेदना’ ठरवूनच पाठवलंय.

स्पर्शापर्यंत ठीक चाललं. मग ‘सेन्स ऑफ टाइम’ आलं. वेळेची संवेदना? आपण वेळेचं भान म्हणतो. ‘सेन्स ऑफ ह्यूमर’ची विनोदबुद्धी, ‘कॉमन सेन्स’ची साधी अक्कल, आणि ‘मेक्स नो सेन्स’ म्हणजे त्यात काही अर्थ नाही. शिवाय ‘हातांची संवेदना कमी असते’ हे वाचून शेजारच्या काकूंनी विचारलं, “हात लुळे पडलेत का गं?” मधुमेहात पायाची संवेदना जाते, तीच त्यांच्या ओळखीची. पालक तर घाबरतीलच.

‘इंद्रिय’ लावून पाहिलं. पण आपल्याकडे ज्ञानेंद्रियं पाच, वर कर्मेंद्रियं पाच, म्हणजे हातपायही इंद्रियंच. मन धरलं की अकरा. तोल सांभाळणारं मात्र या हिशेबात कुठेच नाही. (ते बसलेलं असतं आतल्या कानात, अर्धवर्तुळाकार नलिकांपाशी.)

खरी गोची पान ९ वर आहे. डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे हे कळतं, ते प्रोप्रिओसेप्शन. स्नायू आणि सांधे मेंदूला सतत खबर देत असतात, त्यावर ते चालतं. हा शब्द चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १९०६ मध्ये घडवला. त्यात कमी पडणारी मुलं पेन्सिल इतकी दाबतात की टोक मोडतं, जाता-येता दाराच्या चौकटीला धडकतात. मला ‘देहभान’ सुचलं. लिहिलं, ‘काही मुलांचं देहभान कमी असतं.’ मोठ्यानं वाचलं तर पोरगं थेट कीर्तनात टाळ घेऊन उभं! ‘स्वसंवेदन’ म्हणावं तर ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी कानात वाजते. ‘अंगाचा अंदाज’ मला मनापासून आवडलंय, पण काम देणाऱ्यांना ते ‘फारच घरगुती’ वाटतं. पुस्तिका घरीच वाचली जाणार ना?

इथे कुणी थेरपिस्ट असतील, तर पालकांशी मराठीत बोलताना तुम्ही नेमकं काय म्हणता? आणि भाषांतर करणाऱ्यांनो, ही एका शब्दाची अट कुणी मोडून घेतली असेल, तर कशी ते सांगा. शुक्रवारी मजकूर द्यायचाय.