मदत हवी आहे: नव्या घराच्या बागेतला हेलेबोर नक्की कुठला?

खटपट्या
नव्या घरात राहायला आलो, मागची बाग आयती मिळाली. कुंपणाजवळ मोठ्या झाडाच्या सावलीत हेलेबोर या फुलझाडाचा भलामोठा गड्डा आहे. हेलेबोर आहे एवढं नक्की, आधीच्या मालकांनी जाता जाता सांगितलं. कुठला ते त्यांनाही माहीत नव्हतं. फुलं हिरवी. नेमकं तिथूनच फरशीची पायवाट काढायची आहे आणि काम करणारे शनिवारी येतायत. जात कळली तर गड्डा हलवायचा की उपटून टाकायचा ते ठरवता येईल. शोधून शोधून डोकं उठलंय, जिथे बघावं तिथे वेगळंच नाव. फोटो जोडलाय. लवकर सांगा.

लेन्सवाला
फोटो दिसत नाहीये. आणि यासाठी धागा कशाला? मोबाईलवर गूगल लेन्स लावा, लगेच उत्तर.

सावलीतली
हिरवी फुलं ना? मग फीटिडस जातीचा. डोळे झाकून सांगते. माझ्याकडे कित्येक वर्षं आहे. फिकट हिरव्या लोंबत्या फुलांचे घोस, प्रत्येकाच्या कडेला जांभळट रेघ. पान चुरगाळून बघा, घाण वास येतो. हलवू नका, बी धरलं की आपोआप इकडेतिकडे उगवतं.

बागोबा
सावलीतली ताई, डोळे उघडून सांगा की! हिरव्या फुलांचे हेलेबोर बरेच आहेत. फीटिडस, आर्ग्युटिफोलियस, व्हिरिडिस, ओडोरस. रंगावर गेलात तर फसाल. खटपट्या, आधी एकच बघा: पानं उभ्या जाड दांड्यावर लागली आहेत की प्रत्येक पानाचा देठ थेट जमिनीतून वर आलाय? बाकीचं नंतर.

खटपट्या
पानं हिरवी, पंजासारखी फाकलेली. उंची साधारण गुडघ्याएवढी. दांड्याचं बघितलं नाही. फोटो परत चढवला. हलवायचा की उपटायचा?

सावलीतली
गुडघ्याएवढी म्हणजे फीटिडसच.

बागोबा
अहो, गुडघ्याएवढे यातले बरेच जण होतात!

लेन्सवाला
आला फोटो. लेन्स म्हणतं पियोनी, म्हणजे दुसरंच फुलझाड.

पानगळ
फोटोत नुसती पानं, तीही तिरकी आणि अर्धी उन्हात. पियोनी आणि हेलेबोरच्या पानांत अशा फोटोवरून घोटाळा होणारच. पानं पंजासारखी आहेत म्हणजे निदान व्हेरॅट्रम तरी नाही. त्यालाही लोक हेलेबोर म्हणतात, पण त्याचं कूळच निराळं. त्याची पानं एकसंध आणि लांबट, शिरा समांतर, चुण्या पाडल्यासारखी. खटपट्या, एका फुलाचा आतून फोटो टाका.

वैद्यबुवा
मंडळी उगाच काथ्याकूट करतायत. ही काळी कुटकी. मुळं काळी निघाली तर खात्रीच समजा. उपटणार असाल तर मुळं फेकू नका, सावलीत वाळवून चूर्ण करून ठेवा. यकृतासाठी उत्तम.

पानगळ
संपादक मंडळ, वरचा प्रतिसाद कृपया उडवा. कुटकी म्हणजे पिक्रोऱ्हायझा कुर्रोआ, हिमालयात उंचावर होते, हेलेबोरशी तिचं काही नातं नाही. हेलेबोरचा प्रत्येक भाग विषारी, मुळं तर जास्तच. त्यात हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड्स असतात. नुसता चीक लागला तरी काहींच्या कातडीची आग होते. चूर्ण कसलं करताय!

वैद्यबुवा
मात्रा जाणली तर विषही औषध. पुढे बोलत नाही.

इतिहासकीडा
विषावरून आठवलं. प्राचीन ग्रीसमध्ये किर्‍हा नावाच्या शहराला वेढा पडला होता. वेढा घालणाऱ्यांनी शहराच्या पाण्यात हेलेबोरची मुळं टाकली, आतल्या लोकांना जुलाब सुरू झाले, पहारे सुटले आणि शहर पडलं. पॉसेनियस हा ग्रीक प्रवासवर्णनकार ही युक्ती अथेन्सच्या सोलोनची म्हणतो. दुसरे लेखक दुसऱ्यांची नावं घेतात. ग्रीक लोक वेडावर उपाय म्हणूनही हेलेबोर देत, आणि त्यासाठी अँटिसिरा या ग्रीक गावचा हेलेबोर प्रसिद्ध होता.

खटपट्या
छान माहिती, पण मला वेढा घालायचा नाहीये, पायवाट घालायची आहे.

आत्ताच बाहेर जाऊन नीट बघून आलो. पानांचे देठ थेट जमिनीतून, एकेक वेगळा. फुलांचे दांडे निराळे, त्यांवर वरच्या बाजूला दोन-तीन छोटी पानं. मोठ्या पानाला सात ते नऊ भाग, कडांना सगळीकडे बारीक करवत. हातमोजे घालून चुरगाळलं, खास वास नाही. फूल उचलून बघितलं तर आत तांबूस ठिपके आणि मधोमध तीन-चार फुगलेल्या शेंगा. केसर वगैरे काही नाही.

थंडी ओसरताना घर बघायला आलो होतो तेव्हा या कोपऱ्यात जांभळट फुलं होती. ती संपली, त्यांचा याच्याशी संबंध नाही. आता कुठला ते सांगा.

बागोबा
संबंध नाही?? हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं!

ती फुलं संपलेली नाहीत हो, तीच ही. हेलेबोरमध्ये आपण पाकळ्या म्हणतो ती खरं तर निदलं, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारी दलं. खऱ्या पाकळ्या आत असतात, आखडून बारीक नळ्या झालेल्या, त्यांत मध असतो. परागीभवन झालं की नळ्या आणि केसर गळून पडतात. निदलं मात्र गळत नाहीत, पुढे कित्येक आठवडे टिकतात. शेंगा भरायला लागल्या की रंग उतरत जाऊन ती हिरवी पडतात. तुम्ही बघताय ते म्हातारं फूल आहे. ठिपके राहिलेत ते जुन्या रंगाची खूण.

आता एकेक बाद करा. फीटिडस आणि आर्ग्युटिफोलियस दोघांची पानं उभ्या दांड्यावर येतात, शिवाय आर्ग्युटिफोलियसला पानाचे तीनच भाग आणि कडेला काटेरी दात. गेले दोघे. व्हिरिडिस आणि ओडोरस उमलतानाच हिरवे, जांभळ्यावरून हिरवे होत नाहीत. नायजरची फुलं पांढरी उमलतात, मग गुलाबी पडतात आणि शेवटी तीही हिरवी होतात, पण त्याचं पान चामड्यासारखं जाड आणि दात फक्त टोकाकडे. तुमच्याकडे करवत सगळीकडे.

उरला बागांमधला नेहमीचा संकर, हेलेबोरस × हायब्रिडस. रोपवाटिकेच्या पाटीवर बहुधा ओरिएंटॅलिस लिहिलेलं असतं, पण बागांमधले बहुतेक ओरिएंटॅलिस हे संकरच.

सावलीतली
माझ्या फीटिडसच्या शेंगाही अशाच फुगतात. असो. हायब्रिडस असेल तर असेल, पण सावलीच्या कोपऱ्यात एखादा फीटिडस लावाच, भर थंडीत फुलतो.

खटपट्या
हायब्रिडसमधला कुठला? नाव असेल ना काहीतरी.

पानगळ
नाव मिळणार नाही, त्याच्या मागे लागू नका. हे बियांपासून सर्रास उगवतात आणि पोर आईसारखं निघेलच असं नाही. खालची माती उकरून बघा, गड्ड्याच्या बुडाशी दोन पानांची पिल्लं दाटीवाटीने उगवलेली असतील. बियांना तेलकट गर असतो, त्यासाठी मुंग्या त्या ओढून नेतात, म्हणून कधीकधी भलत्याच ठिकाणीही सापडतात. पायवाटेसाठी मी काय केलं असतं? पिल्लं कुंड्यांमध्ये काढून घेतली असती आणि मोठा गड्डा सोडून दिला असता. जुन्या गड्ड्याला हलवलेलं सोसत नाही, एखादं वर्ष रुसून बसतो.

बागोबा
सोडून दिला म्हणजे? इतका मोठा गड्डा व्हायला वर्षं लागतात. पिल्लांना फुलं यायला दोन-तीन वर्षं, आणि रंग काय निघेल त्याचा भरवसा नाही, हे तुम्हीच म्हणताय. खटपट्या, फावडं लांबून घाला, मुळं खोल जातात. मातीचा मोठा गोळा मुळांसकट उचला, आधी होता तेवढ्याच खोलीवर लावा. तुकडे मात्र आत्ता करू नका. ते शरद ऋतू लागला की.

पानगळ
उन्हाळा तोंडावर आलाय आणि तुम्ही त्यांना खणायला लावताय. पायवाटच जरा वळवा की!

बागोबा
पायवाट वळवली तर प्रश्नच मिटला, पण त्यांनी ते विचारलेलं नाही.

खटपट्या
वळवता येईल बहुतेक, काम करणाऱ्याशी बोलतो. पण मग गड्डा वाटेच्या अगदी कडेला येईल आणि घरात रांगतं मूल आहे. शिवाय पानांवर काळे डाग आहेत, तो काही रोग आहे का? म्हणूनही उपटायचा विचार होता.

सावलीतली
रांगतं मूल आणि काळे डाग, आत्ता सांगताय?

पानगळ
मूल रांगतंय म्हणजे वाटेच्या कडेला नको, बागोबा म्हणतात तसा कुंपणाच्या आतल्या बाजूला हलवा. हातमोजे हवेतच. शेंगा फुटायच्या आत फुलांचे दांडे कापून टाका, म्हणजे बिया खाली पडणार नाहीत. बिया चिमटीत धरल्या तरी बोटांची आग होते. पिल्लं कुंडीत लावलीत तर कुंडी उंचावर.

डाग कसे आहेत ते बघा. गोलसर, तपकिरी-काळे, वाळून मधूनच फाटणारे असतील तर बुरशी. तशी पानं कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. पण शिरांच्या कडेने काळ्या रेघा असतील आणि नवी पानं वेडीवाकडी येत असतील तर तो विषाणू, 'ब्लॅक डेथ' म्हणतात. त्यावर औषध नाही, अख्खा गड्डा उपटून टाकायचा. हलवण्याआधी हे बघा.

सावलीतली
मी तर फुलं यायच्या आधी दर हिवाळ्यात जुनी पानं सगळी उडवते. डागांची भानगडच नको.

बागोबा
हायब्रिडसला चालतं, ताई. फीटिडसला तसं करू नका, त्याच पानांच्या दांड्यावर फुलं यायची असतात.

सावलीतली
फीटिडस मला शिकवू नका.

खटपट्या
डाग गोल आहेत, मधून फाटलेले. रेघा नाहीत, नवी पानं सरळ. म्हणजे बुरशी. शुक्रवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर कुंपणाकडे हलवतो, डागाळलेली पानं आणि फुलांचे दांडे आधी कापतो. सगळ्यांचे आभार.

शंकासूर
हाच धागा वापरतो. माझ्याकडे थिबेटॅनस होता, वसंतात छान फिकट गुलाबी फुलला. आता जमिनीवर नावाला पान नाही. मेला का? तिथे दुसरं काही लावू का?

पानगळ
मेला नसावा. हेलेबोरमधला हा एकटाच चीनमधला, आणि उन्हाळ्यात झोपी जातो. पानं पिवळी पडून वाळणं हे त्याचं नेहमीचंच. तिथे काही लावू नका, खणूही नका. पाटी खोचून ठेवा आणि वसंताची वाट बघा.